काचखोलीतल्या मुंग्या

कोल्हापूरहून आलेल्या इंजिनिअरने शेवटचा स्क्रू काढला, यंत्राचं पत्र्याचं झाकण वर उचललं, आणि आतून मुंग्या बाहेर आल्या.

एखाददुसरी नव्हे, चांगली लाल मुंग्यांची रांग. फ्लॉपी घालायच्या फटीतून निघून, टेबलाचा पाय उतरून ती काचेच्या दाराखालून बाहेर गेली होती. आमच्या शाखेत इतकी शिस्तीची रांग मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम," इंजिनिअर म्हणाला, "ह्यात काहीतरी गोड आहे."

"कशात? यंत्रात?"

"यंत्रात."

माझ्या मागे शेंडगे साहेब उभे होते. बँकेच्या इचलकरंजी शाखेचे मॅनेजर. स्वभावाने गोगलगाय. त्यांच्या खिशात पित्ताच्या गोळ्यांची पट्टी कायम असायची. त्यातली एक त्यांनी तोंडात टाकली आणि विचारलं, "गोड म्हणजे? कोणी इथे बसून डबा खाल्ला की काय?"

इंजिनिअरने चिमटा उचलला आणि फ्लॉपीच्या फटीतून एकेक ऐवज काढून वर्तमानपत्राच्या तुकड्यावर मांडायला सुरुवात केली. आधी अर्धा विरघळलेला बत्तासा निघाला. मग गूळखोबऱ्याचा एक गोळा. आणि शेवटी पेढ्याचा चुरा.

"हे चुकून पडलेलं नाही," तो म्हणाला. "आत ढकललंय. बोटानं."

शेंडगे साहेबांनी दुसरी गोळी तोंडात टाकली. काचेबाहेर अख्खी शाखा उभी होती. सगळ्यात मागे, हाताची घडी घालून, अण्णा मुरदंडे उभे होते. बाकीचे माझ्याकडे बघत होते आणि अण्णा छताकडे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. कारण हे यंत्र बंद पडलं तर कोण काय करणार, हे अण्णांनी मला आधीच सांगून ठेवलं होतं.

याला आता पुष्कळ वर्षं झाली. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हटलं की कर्मचाऱ्यांचे धाबे दणाणायचे, त्या काळातली ही गोष्ट. मी पुण्याच्या मुख्य कचेरीत कॉम्प्युटर विभागात नवीकोरी अधिकारी होते. पहिल्या फेरीत ज्या शाखांमध्ये यंत्र बसवायचं ठरलं, त्यांत इचलकरंजी होती, आणि तिथे जायला कोणी तयार नव्हतं. मग आमच्या वरिष्ठांनी डोकं चालवलं. म्हणाले, "ज्योत्स्ना दाभाडेंना पाठवा. बाईमाणूस आहे, तिच्यावर कोणी ओरडणार नाही." वरिष्ठ कधी इचलकरंजीला गेले नव्हते, एवढंच यावरून सिद्ध होतं.

गावाबद्दल सांगायचं तर ते मागांचं गाव. कुठल्याही गल्लीत शिरा, यंत्रमागांचा खडखडाट कानात शिरतो, आणि दोन दिवसांनी तो थांबला तरच झोप उडते. शाखेतली निम्मी माणसं मागवाल्यांच्या घरची. त्यांना यंत्राची भीती वाटत होती म्हणावं तर जन्म यंत्रातच गेलेला. पण हे यंत्र वेगळं. हे परकं, पुण्याहून आलेलं, आणि त्याच्यासाठी काचेची खोली बांधून आत एसी लावलेला. माणसं बाहेर कुरकुरणाऱ्या पंख्याखाली घाम पुसत, आणि यंत्र आत गारेगार. त्यात धूळ जाऊ नये म्हणून मी दाराशी पाटी लावली: चपला बाहेर काढाव्यात.

"देऊळच बांधलं म्हणायचं," अण्णा पाटी वाचून म्हणाले. "आता घंटा तेवढी टांगा. दर्शनाची येळ पण लिवा."

अण्णा म्हणजे दत्तोबा मुरदंडे. शाखेचे हेडक्लार्क आणि कर्मचारी संघटनेचे इथले पुढारी. उंचनिंच, पांढऱ्या शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, आणि आवाज असा की काउंटरवरून "पुढचा!" म्हटलं की रस्त्यावरचा सायकलवाला थांबायचा. निवृत्तीला थोडीच वर्षं उरलेली. काचखोलीच्या उंबऱ्यापर्यंत ते रोज येत, आणि तिथून आत एक पाऊल टाकत नसत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला उंबऱ्यावरूनच सुनावलं. शेंडगे साहेब बाजूला उभे होते.

"मॅडम, तुमच्यावर राग न्हाई. पण माझा बा हातमागावर बसायचा. गल्लीत पहिला यंत्रमाग आला तवा सगळी बघायला गेली, बा पण गेला. वरसाभरात हातमाग माळ्यावर आणि बा दुसऱ्याच्या दारात कामाला. यंत्र माणसाच्या तोंडचा घास काढतंय, हे मी पुस्तकात वाचलेलं न्हाई."

"अण्णा, इथे कोणाची नोकरी जाणार नाही. करारच झालाय तसा."

"करार कागदावर असतोय. तुम्ही बघा, एक दिवस हे बंद पडंल. आणि ज्या दिवशी पडंल, त्या दिवशी अख्ख्या शाखेला मी पेढे वाटीन."

शेंडगे साहेबांनी तेव्हाही गोळीच खाल्ली.

बाकीचे इतके कडक नव्हते. शिपाई मुबारकभाईंना तर यंत्राचं भारी कौतुक. मी रोज सकाळी फ्लॉपी आत सरकवायचे तेव्हा ते काचेला नाक लावून उभे राहत. एकदा त्यांनी विचारलं, "मॅडम, ह्याला रोज सकाळी ते काय चारता?"

"त्याची न्याहारी, मुबारकभाई. खाल्ल्याशिवाय ते उठत नाही."

झालं. तेव्हापासून रोज दार उघडलं की मुबारकभाईंची आरोळी यायची, "यंत्राची न्याहारी झाली का?" आणि काउंटरवर हशा पिकायचा. बचत खात्याच्या चौगुलेबाई शिकायला येत. पदर खोचून, चपला काढून, हात धुऊन बसत, आणि कीबोर्डवर एकेक बोट असं टेकवत की जणू तवा तापलाय की नाही ते बघतायत. पण शिकल्या. अण्णांच्या समोर मात्र म्हणत, "मला काय येतंय त्यातलं? साहेबांनी बसवलं म्हणून बसते."

सप्टेंबर संपला, सहामाहीचा ताळा जुळवायची वेळ आली. या शाखेत तो जुळेपर्यंत रविवार, सण काही नसायचं. घरची माणसं डबे घेऊन बँकेत यायची. त्या वर्षी मी ताळा यंत्रावरही काढला आणि दुपारच्या जेवणाआधी तो बरोबर निघाला. अण्णांनी उंबऱ्यावरून हात पुढे केला, कागद घेतला, दोन दिवस पडताळत बसले. तिसऱ्या दिवशी कागद परत दिला.

"हं," म्हणाले. एवढंच.

संध्याकाळी सगळे वेळेवर घरी गेले. घटस्थापना तोंडावर होती.

आणि मग आली खंडेनवमी. त्या दिवशी इचलकरंजीत सगळे माग बंद. त्यांना धुऊनपुसून, झेंडूच्या माळा घालून पूजा करतात. बँकेतही पूजा व्हायची: तिजोरीची, शिक्क्यांची, पेनांची, मुबारकभाईंच्या सायकलची. शुक्रवार होता. दुपारी बघते तर टोपल्यांतून फुलं आलेली, चौगुलेबाई हळदकुंकवाचा करंडा काढतायत. मला कोणी काही बोललं नाही. थांबा म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. मी यंत्रावर कापडी झाकण घातलं, पिशवी उचलली आणि पुण्याची एसटी धरली. खोटं कशाला बोलू, गाडीत मला रडू आलं. इतके महिने मी त्या माणसांत होते, आणि एका फुलापुरतीही त्यांच्यातली नव्हते.

शनिवारी दसरा, मग रविवार. सोमवारी मी सकाळच्या गाडीने उतरले ती थेट बँकेत आले, वेळेच्या कितीतरी आधी. आणि पायरीवर बघते तर कोण! अण्णा, चौगुलेबाई, शेंडगे साहेब. मुबारकभाई कुलूप काढत होते. वेळेआधी येणं ही त्या शाखेची रीत नव्हती. चौघंही एकमेकांकडे बघत नव्हते, आणि मला बघितल्यावर तर त्यांचे चेहरे असे झाले की एरंडेल प्याले असावेत.

"मॅडम! इतक्या लवकर?" चौगुलेबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, "तुम्हीही की." आणि काचखोलीत जाऊन झाकण काढलं, बटण दाबलं, फ्लॉपी घातली. ती आत जाईना. यंत्र घरघरलं, किंचाळलं आणि गप्प झालं. दुपारी इंजिनिअर आला, मुंग्या निघाल्या. पुढचं सांगितलंच आहे.

मंगळवारी पुण्याहून दक्षता विभागाचे राजाध्यक्ष साहेब आले. किडकिडीत, चष्म्याआडून बघणारे. पाटी वाचली, आणि बूट घालूनच काचखोलीत शिरले. वर्तमानपत्रावरचे तीन नमुने त्यांनी पेनाच्या टोकाने हलवून पाहिले.

"एका गिरणीच्या संपात," ते म्हणाले, "मालकाच्या गाडीच्या टाकीत कामगारांनी साखर घातली होती. इंजिन खलास. युक्ती तीच आहे. तीन नमुने, म्हणजे किमान तीन माणसं. म्हणजे संगनमत. शेंडगे, यंत्राबद्दल कोणी धमकी दिली होती का?"

"धमकी तशी नाही, साहेब," शेंडगे साहेब चाचरत म्हणाले. "म्हणजे मुरदंडे ते पेढ्याचं म्हणाले होते, मॅडमना. मला नीट ऐकू नाही आलं. पंखा वाजत होता."

झालं, मोहोळावर दगड पडला. राजाध्यक्षांनी आधी माझ्याकडून पेढ्याचं वाक्य शब्दाशब्दाने वदवून घेतलं, आणि मग अण्णांना केबिनमध्ये बोलावलं. मीही तिथेच बसले होते.

"यंत्र बंद पडलं तर पेढे वाटीन, असं तुम्ही म्हणाला होतात?"

"म्हनालो होतो."

"आणि यंत्राच्या तोंडात पेढा सापडला."

"पेढा काय, कुणाचाबी असतोय साहेब. गावात चार दुकानं हैत."

"शुक्रवारी पूजा आटोपून सगळे गेल्यावर तुम्ही परत आला होतात. शिपायाने सांगितलंय."

"आलो होतो."

"कशाला?"

"छत्री राहिली होती."

"त्या दिवशी पाऊस नव्हता."

"म्हणूनच राहिली होती."

मला हसू आवरेना, पण राजाध्यक्षांचा चेहरा ढिम्म हलला नाही. त्यांनी अण्णांना बाहेर पाठवलं आणि माझ्याकडे वळले.

"मी निवेदन टाईप करून घेतो. उद्या सकाळी तुमची सही. तुम्ही ऐकलेलं वाक्य, तेवढंच. खोटं काही नाही त्यात. त्यावर मुरदंडेंना निलंबित करता येईल आणि यंत्र पुण्याला परत नेता येईल. ही शाखा यंत्राच्या लायकीची नाही."

म्हणजे अण्णा असे जाणार, शेवटच्या वर्षांत, कपाळी डाग घेऊन. आणि माझे सगळे महिने पाण्यात. मी बाहेर आले तर अण्णा सायकलीला टेकून उभे होते.

"अण्णा, तुम्ही हे केलं नाही ना? एकदा सांगा. मी सही करणार नाही."

त्यांनी सायकलचं हँडल सरळ केलं. 

"सही करा मॅडम. बोललो होतो मी. बोललेलं खोटं कशाला म्हणायचं?" आणि सायकलवर टांग मारून गेले.

मी सुशीलाकाकूंच्या माडीवर भाड्याने राहायचे. खाली त्यांचे स्वतःचे माग. त्या संध्याकाळी घरी आले तर काकू हातात ओलं फडकं घेऊन एका मागापाशी वाकून बडबडत होत्या.

"मुंग्या बघ मेल्या! सणाच्या नादात काढायचं राह्यलं आनि ह्यांनी डाव साधला."

मी जवळ गेले. मागाच्या पुढच्या बाजूला, जिथे सूत आत ओढलं जातं तिथे, गुळाचा तुकडा दाबून बसवलेला होता. त्याला मुंग्या लागलेल्या.

"काकू, हे काय आहे?"

"घास की गं. खंडेनवमीला मागाला घास भरवायचा असतोय. जिथनं सूत खातोय तिथंच द्यायचा. मग दुसऱ्या दिवशी पहाटं काढायचा, न्हाईतर मुंग्या लागतात. दसऱ्याच्या गडबडीत इसरले मी."

मी मटकन खाली बसले.

"अगं, काय झालं? चक्कर आली व्हय?"

"काकू, हा घास कोणीही भरवला तर चालतो?"

"छ्या! जो माग चालवतो त्यानंच भरवायचा. परक्याच्या मागाला कुनी घास देतं का? आपल्याला देतात. चहा ठेवू का जरा?"

मी चहा घेतला की नाही आठवत नाही. डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: सोमवारी सकाळी पायरीवर उभे असलेले चार चेहरे. दुसऱ्या दिवशी काढायचा असतो, पण दुसऱ्या दिवशी बँक बंद होती. तिसऱ्या दिवशीही. म्हणून सोमवारी सगळे धावत आले होते, आणि माझी एसटी नेमकी वेळेवर पोचली होती.

बुधवारी सकाळी राजाध्यक्षांनी निवेदनाचा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं.

"साहेब, सही करते," मी म्हटलं. "पण आधी एकदा काचखोलीत या. सगळ्यांना घेऊन या."

सगळे आले. घास भरवला म्हणजे कुंकूही लावलं असणार, म्हणून मी यंत्राचा डबा भिंतीपासून ओढून उलटा फिरवला. इंजिनिअरने तो वरूनच उघडला होता, मागे कोणी पाहिलंच नव्हतं. मागच्या पत्र्यावर कुंकवाची दोन बोटं ठळक उमटलेली होती. मग मी कीबोर्ड उलटा केला. पाठीवर हळद आणि कुंकू. हलवल्यावर आतून अक्षता टेबलावर सांडल्या. शेवटी कापडी झाकण उचलून त्याची आतली बाजू दाखवली. तिथे कुंकवाने स्वस्तिक काढलेलं होतं, जरा वाकडंतिकडं.

"हा काय प्रकार आहे?" राजाध्यक्ष म्हणाले.

"पूजा आहे, साहेब. खंडेनवमीची. आणि ते तीन नमुने म्हणजे नैवेद्य. या गावात यंत्राला घास भरवतात, जिथून ते खातं तिथे. ज्याचा घात करायचाय त्याला कोणी कुंकू लावतं का?"

"बोकडाला लावतात," राजाध्यक्ष म्हणाले.

 या उत्तराची तयारी मी केली नव्हती.  राजाध्यक्षांनी कागद पुन्हा माझ्यापुढे धरला. आणि तेवढ्यात दाराशी चपला काढल्याचा आवाज झाला. अण्णा मुरदंडेंनी काचखोलीचा उंबरा ओलांडला.

"पेढा माझा," ते म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

"यंत्राची पूजा करायची न्हाई, हा ठराव संघटनेत मीच मांडला. सगळ्यांनी हात वर केले. तिजोरीची पूजा झाली, घरी निघालो. वाटंनं जाईल तिथं माग नटलेले. भाड्याचे, मोडके, भंगारात निघालेले, त्यांनासुद्धा माळ. आणि माझ्या डोळ्यांपुढं हे. एकटंच काचंत, झाकण घालून." त्यांनी यंत्राकडे बोट केलं. "तीस वर्सं सहामाहीला बँकेतच बसलो साहेब. ह्या वर्साला पहिल्यांदा घटाला मी घरात होतो. नातीनं माझ्या मांडीवर बसून आरती म्हटली. ते ह्याच्यामुळं. आणि ह्यालाच उपाशी ठेवायचं? पाय वळले माझे. मागच्या बाजूला कुंकू लावलं, कुनी बघू नये म्हनून. संघटनेच्या पोरांना काय तोंड दाखवणार होतो? म्हनून बोललो न्हाई. आता काय ते करा."

"अण्णा!" चौगुलेबाईंचा आवाज चढला. "तुम्ही हात वर करायला लावला म्हणून मी केला! आणि स्वतःच चोरून पेढा? गूळखोबरं माझं आहे. मी डबा विसरला म्हणून परत आले होते. मीच शिकले की नाही ह्याच्यावर? मग मी नको भरवायला?"

"तुम्हाला काय येतंय त्यातलं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्यापेक्षा जास्त येतंय!"

"बत्तासा माझा," मुबारकभाई मागून म्हणाले. "दर्ग्यातला आहे साहेब, चांगला. दोघं छत्री-डब्याला येऊन गेले, तेव्हाच मी ओळखलं. मग म्हटलं, मीच का मागं राहू? पण फटीत आधीच काहीतरी होतं. मी आपला वरनं जरा ढकलला."

चोरीची पूजा, तीही प्रत्येकाने दुसऱ्यापासून लपून. ज्या यंत्राला एकाचा नैवेद्य कदाचित पचलाही असता, ते तिघांच्या प्रेमाने मेलं होतं. 

राजाध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "आणि स्वस्तिक?"

 मग गोळीची पट्टी फाडल्याचा आवाज आला.

"मी खायला काही घातलं नाही," शेंडगे साहेब खालमानेने म्हणाले. "मला पित्त आहे, मी समजू शकतो. मी फक्त झाकणाला..."

पुढचं कोणाला ऐकू आलं नाही. आधी चौगुलेबाई हसल्या, मग मुबारकभाई, आणि मग अण्णांचा तो गडगडाटी आवाज काचांवर आदळला. काउंटरवरचं गिऱ्हाईक उठून बघायला आलं.

हसणं ओसरल्यावर राजाध्यक्षांनी निवेदनाचा कागद घडी करून खिशात घातला आणि कोरा कागद काढला.

"कारण काय लिहायचं, दाभाडे?"

"मुंग्या, साहेब."

"मुंग्या," त्यांनी लिहिलं. "मुंग्यांवर खातेनिहाय कारवाई करता येत नाही." आणि मान वर न करता म्हणाले, "यंत्र इथेच राहू दे. पण पुढच्या वर्षी नैवेद्य बशीत ठेवा. बशी बाजूला ठेवा."

नवा भाग मुंबईहून यायला दहाएक दिवस गेले. इंजिनिअरने तो बसवला, झाकण लावलं, आणि मी खुर्चीवर बसले. सगळी शाखा काचेच्या आत होती, अनवाणी. पुढच्या रांगेत अण्णा, हातात पेढ्यांचा पुडा.

"बंद पडल्यावर वाटणार होतो," ते म्हणाले. "ते राह्यलं. आता चालू झाल्यावर वाटतो." त्यांनी पुडा सोडला, पहिला पेढा उचलला आणि सवयीने यंत्राकडे वळले.

"अण्णा, नको!" अख्खी शाखा एका सुरात ओरडली.

अण्णा थबकले. पेढा बोटांत तसाच. यंत्राकडे बघितलं, पेढ्याकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"त्या दिवशी तुम्हाला पूजेला थांबा म्हनायला पायजे होतं," ते म्हणाले. "तुम्ही पिशवी घेऊन निघाला ते मी बघितलं होतं. बघून गप बसलो. चुकलं आमचं, ताई."

इतके महिने मी त्यांची मॅडम होते. मी हात पुढे केला. अण्णांनी पेढा हातावर ठेवला नाही. सरळ माझ्या तोंडात भरवला.

जो चालवतो तोच भरवतो, आणि आपल्यालाच भरवतो, ही काकूंनी सांगितलेली रीत अण्णांना ठाऊक असणारच. ते त्याच गावचे होते. मला उत्तर द्यायचं होतं, पण तोंड भरलेलं होतं आणि कीबोर्डवरची अक्षरं दिसेनाशी झाली होती. चौगुलेबाईंनी पदराचं टोक पुढे केलं.

आणि मागून मुबारकभाईंनी आरोळी दिली, "चला, न्याहारी झाली! आता उठवा त्याला!"